रेतीतलं जहाज, खाली काळी पट्टी

मिलिंद गेल्याची बातमी मला एका रडणाऱ्या कार्टूनने दिली. मी नागपुरात होतो, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात. हातात ताट, पुढे जिलेबीची रांग, आणि खिशातला मोबाईल सारखा थरथरत होता म्हणून डाव्या हाताने काढून पाहिला. मिलिंदने मला न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबलं होतं, 'रेतीचे प्रवासी' म्हणून. वऱ्हाड प्रांतभरातले लोक त्यात आहेत आणि सगळे एकाच जपानी मालिकेचे भक्त. तिला अ‍ॅनिमे म्हणायचं असतं. कार्टून म्हटलं की त्यांना राग येतो, म्हणून मी मुद्दाम कार्टूनच म्हणतो. तर त्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक तीच पोरगी रडत होती... बादलीएवढे डोळे आणि त्यातून नळ सोडल्यासारखं पाणी. खाली कोणीतरी लिहिलेलं, 'कॅप्टन, तुला समुद्र सापडला असेल.' गेलं कोण, हे लिहायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं. ते कळायला मला बरंच वर सरकावं लागलं. 'आपले अ‍ॅडमिन मिलिंददादा, कारंजा. आज सकाळी. हार्ट.' एवढंच. वाढप्याने ताटात दोन जिलेब्या टाकल्या, मी ताट तसंच एका खुर्चीवर ठेवलं आणि बायकोला शोधायला लागलो.

कारंज्याला पोचलो तर बसस्टँडसमोर बॅनर लागलेलंच. मिलिंदचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं, माझ्या मेडिकलला लागून. पुढाऱ्यांपासून ते वाढदिवसवाल्या पोट्ट्यांपर्यंत गावातल्या प्रत्येक तोंडाला त्याने गोरं करून दिलं, आणि त्याचं स्वतःचं बॅनर छापलं मागच्या गल्लीतल्या त्याच्या स्पर्धकाने. चेहरा हळदीसारखा पिवळा, कानामागून अर्धं जहाज डोकावतंय, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून नेमके त्या लोकांचे फोटो, ज्यांच्या नावाने तो रोज दुपारी चहासोबत शिव्या द्यायचा. त्यांचे फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठे. तो असता तर हे पाहून म्हणाला असता, "अबे, मेलं कोन थे तं कळू द्या." त्यानेच एकदा अशाच एका साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर मागे रेतीतलं जहाज टाकून दिलं होतं. साहेबांच्या माणसांना वाटलं, ही काहीतरी येऊ घातलेली योजना आहे. बॅनर महिनाभर लटकलं आणि कोणी काही विचारलं नाही.

घरी मिलिंदची आई दिवाणावर बसलेली होती. मी तिला मावशी म्हणतो. मावशी मूळची इंझोरीची, बोलायला रोखठोक, रडायला चिकट. आयाबाया येत होत्या, तिच्या गळ्यात पडून स्वतःच रडून घेत होत्या आणि डोळे पुसून लगेच "झालं कसं?" विचारत होत्या. पुरुष येऊन "जाणारा गेला, आता राहिलेल्यांनी सावरायचं" असलं काहीतरी पुटपुटून दाराकडे बघत बसायचे. मिलिंद एकुलता एक, लग्न न झालेला. राहिलेल्यांनी म्हणजे नक्की कोणी, ते एकानेही सांगितलं नाही. गर्दी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो होतो. तिने समोरच्या बंद टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाली, "गजू, जहाजाचं राह्यलं ना रे. मिलिंद म्हने, पुढच्या आयतवारी शेवट सांगतो. आता मले शेवट कोन सांगन?"

आणि हे तिने विचारावं मला! त्या मालिकेबद्दल या जिल्ह्यात माझ्याइतकं वाईट बोललेला माणूस दुसरा नसेल.

मी धनजचा, शिकायला मामाकडे कारंज्यात होतो तेव्हापासून मिलिंद आणि मी एका बाकावर. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. ते एका मुक्कामाच्या गाडीवर गेले असताना तिकडेच वारले, आणि त्यानंतर मावशीचं एक विचित्र सुरू झालं. संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला ती उठायची आणि दोन कप चहा मांडायची. एक स्वतः प्यायची, दुसरा गार झाला की मोरीत ओतायची. कोणाला काही बोलायची नाही, रडायची नाही, फक्त दोन कप. मिलिंदने तिला दवाखान्यात नेलं, इंझोरीला भावाकडे ठेवून पाहिलं. तिथेही दोन कप. मग कुठूनतरी त्याने हे कार्टून पेनड्राइव्हवर आणलं आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिच्यासमोर लावलं. विधवा बाईला रमवायला कोणी भजनं लावतं, कोणी सासूसुनांच्या मालिका. ह्या शहाण्याने जपानी लावलं!

मालिकेची गोष्ट अशी. जगातला समुद्र एके दिवशी आटतो. उरते नुसती रेती. त्या रेतीवरून चाकं लावलेलं एक जहाज शिडाच्या जोरावर हिंडतं आणि त्यावरची माणसं समुद्र कुठे गेला ते शोधत फिरतात. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. चांगल्या कल्पनेचं मातेरं करायला केवढी मेहनत लागते, तेही ह्याच मालिकेवरून कळतं. मावशीचं त्या जपानी आवाजांनी पहिल्याच दिवशी डोकं धरलं. "हे लोक काहून एवढे चिरकून राह्यले?" मिलिंदने आवाज बंद केला. मग तिला खालच्या इंग्रजी ओळींचा त्रास होऊ लागला. वाचता येत नव्हत्या, पण नजर तिकडेच जायची. मिलिंदने दुकानातून काळ्या फ्लेक्सची एक उरलेली पट्टी आणली आणि टीव्हीच्या काचेवर खालच्या अंगाला आडवी चिकटवून टाकली. आणि स्वतः टीव्हीच्या बाजूला खुर्ची घेऊन, अख्खी मालिका वऱ्हाडीत सांगायला लागला.

त्याचं ते सांगणं ऐकायला हवं होतं. जपानी नावं मावशीच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने सगळ्यांचं बारसं केलं. जहाजाची कॅप्टन असलेली ती पोरगी म्हणजे तायडी. जहाज हाकणारा, तो डायवर. स्वयंपाक करणारा जाड म्हातारा, तो आचारी. आणि उरलंसुरलं पाणी ताब्यात घेऊन बसलेला खलनायक म्हणजे ठेकेदार. ठेकेदाराला तो नाकातून बोलायला लावायचा, थेट त्या बॅनरवरच्या साहेबांसारखा. जहाज एखाद्या पडक्या शहरात शिरलं की म्हणायचा, "हे समज आपल्या इंझोरीच्या पलीकडचं रान." मावशी मान हलवायची. मला रविवारी मेडिकल अर्धा दिवस बंद असतं. मी जेवायलाच तिकडे असायचो, मावशीच्या हातची ठेचा-भाकर खायचो, आणि लोडाला टेकून ते सगळं पाहायचो. पाहायचो आणि शिव्या घालायचो.

शिव्या घालण्यासारखं होतंच तसं. मारामारी ऐन रंगात असताना माणूस हात वर करून थांबतो आणि आता आपण काय करणार आहोत ते शत्रूला समजावून सांगतो, आणि शत्रूही ऐकून घेतो. माझ्या दुकानात गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे कोणी इतकं शांतपणे ऐकत नाही. हरायला आलेला माणूस तोंड वासून ओरडला की त्याची ताकद वाढते... मग सगळेच पहिल्यापासून का ओरडत नाहीत? प्रत्येकाला एक लहानपण, त्या लहानपणात एक मेलेली आई, आणि ते लहानपण दर चार भागांनी पुन्हा तेच्या तेच. एक कासव आहे, ते नुसतं खातं. कशासाठी आहे हे त्याला काढणाऱ्यालाही माहीत नसावं. रेतीत पाणी प्यायला नाही पण तायडीचे केस रोज धुतल्यासारखे, आणि कपडे असे की मावशी म्हणायची, "हिले उन्हाचे चटके बसत नसतीन का वं माय?" भागाचा पाव हिस्सा मागच्या भागात काय झालं ते दाखवण्यात जायचा. एवढा विसराळू प्रेक्षक फक्त निवडणुकीत भेटतो.

पण माझी खरी चीड दुसऱ्याच गोष्टीवर होती. ह्या मालिकेत मेलेल्या प्रत्येक माणसाला हुबेहूब तसाच दिसणारा एक लहान भाऊ होता. आचारी मेला, आणि काही महिन्यांनी तसाच्या तसा जाड माणूस जहाजावर चढला. मिलिंद सांगतो, "हा त्याचा लहाना भाऊ." पुढे एक म्हातारी मेली, तिचीही लहान बहीण निघाली. मी संतापून म्हणायचो, "अरे, चित्रकाराला नवं तोंड काढायचा कंटाळा आला म्हणून लेखकाने भाऊ पैदा केला! असली निर्लज्ज चाल मी आयुष्यात पाहिली नाही." मिलिंद गालात हसायचा. "अबे, जपानमंधी लोकायले भाऊ असतेत बे." मावशी म्हणायची, "गजू, तू गप बस. ऐकू दे मले."

आता न्यायाने बोलायचं तर त्या कचऱ्यात तीन गोष्टी मात्र पहिल्या प्रतीच्या होत्या, आणि मी त्या मान्य करायचो. एक, आचाऱ्याचं मरण. त्यावर एक शब्द नाही, एक भाषण नाही. दुसऱ्या दिवशी तायडी भात लावते, तो करपतो. सगळे तो करपलेला भात मुकाट खातात. सवयीने कोणीतरी आचाऱ्याचीही थाळी मांडलेली असते. तायडी ती उचलते, कोरडीच रेतीने घासते आणि पालथी घालून ठेवते. बस. दुसरी गोष्ट, डायवर. तो कुठला, हे कधीच सांगत नाही. प्रत्येक मुक्कामाला कोणी विचारलं की वेगळ्याच गावाचं नाव घेतो, आणि दर वेळी ते गाव आता राहिलेलं नसतं. आणि तिसरी, ठेकेदार. एवढा नीच माणूस, पण जहाजावर चढताना चपला बाहेर काढतो. शत्रूच्याही घरात चपला घालून जायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याला आईने शिकवलेली. एवढ्याशा गोष्टीने खलनायक माणूस होतो. मी म्हणायचो, "मिल्या, ह्या तीन जागा लिहिणारा माणूस वेगळा आहे. बाकीची मालिका त्याच्या मेहुण्याने लिहिली असेल." मिलिंद लाल व्हायचा आणि पाणी प्यायला उठून जायचा. मला वाटायचं, भक्ताला देवाची स्तुती झेपत नाही.

ह्या वेडापायी त्याचं लग्न राहिलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय, तोंड आहे. पाहुणे यायचे, दुकान पाहायचे, घरात येऊन भिंतीवरचं जहाजाचं पोस्टर पाहायचे, "हे लहान मुलाचं आहे का?" विचारायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कधीच न कळवणाऱ्या त्या सगळ्या पाहुण्यांचा मी मनापासून आभारी आहे. त्यांच्या पोरी त्या घरात रविवारी दुपारी टीव्ही बंद करून झोपल्या असत्या.

आमची शेवटची भेट अशी काही मोठी नाही. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, तो माझ्या काउंटरला रेलून चहा पीत होता. मालिका तिकडे जपानात संपली होती, शेवटचे भाग त्याच्याकडे येऊन पडले होते, आणि तो दोन रविवार काहीतरी कारण काढून मावशीला टाळत होता. मी म्हटलं, "काय रे, सांगत का नाहीस शेवट?" त्याने कप खाली ठेवला. "शेवट बसून नाई राह्यला, गजू." मला केवढा आनंद झाला! मी म्हटलं, "आता कळलं? मी कधीपासून बोंबलतोय." तो म्हणाला, "तसं नाई बे..." आणि तेवढ्यात त्याच्या दुकानात कोणीतरी नामकरणाचं बॅनर घ्यायला आलं, म्हणून तो गेला. चार दिवसांनी सकाळी मोटरसायकलला किक मारता मारता तो तिथेच बसला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरापुढे मांडव होता. बुद्धवंदना झाली, भन्तेजी चार शब्द नीट बोलले, आणि मग ज्यांनी बोलायला नको होतं ते सगळे बोलले. बॅनरवरच्या साहेबांनी मिलिंदला 'कलाक्षेत्रातला तारा' म्हटलं आणि नाव दोनदा कागदात पाहिलं. ग्रुपवरची मंडळी काळे टीशर्ट घालून आली होती, छातीवर जहाज. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या मांडवात ती एका कोपऱ्यात उभी होती. त्यातला एक वाशीमचा, पतसंस्थेत मॅनेजर, केसांना कलप, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मिलिंददादा म्हणायचे, तुम्ही मालिकेचे सगळ्यात मोठे टीकाकार." मी म्हटलं, "आहेच. पण तो आचारी मेल्यावरचा करपलेला भात, ती पालथी थाळी, त्याला तोड नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठला भात, दादा?" मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असं काही नाहीये. आचारी मरतो तेव्हा तर ते मोठ्ठं भाषण आहे ना, व्हायोलिनवालं! आणि मरत कुठे हो तो? परत येतो की." मी म्हटलं, "परत कुठला येतो? त्याचा लहान भाऊ येतो." तेव्हा त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीही बरळतो, अशा समजुतीने ठेवतात तसा.

कलप लावणाऱ्या माणसाने माझी कीव करावी, हे मला सहन होण्यातलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून मेडिकलच्या काउंटरवर, गिऱ्हाईकं सांभाळत, मोबाईलवर ती मालिका पहिल्या भागापासून पाहायला घेतली. आवाजासकट, खालच्या इंग्रजी ओळींसकट, मध्ये पट्टी नाही.

बाप्पा! मी ज्याला कचरा म्हणत होतो तो ह्याच्यापुढे कितीतरी स्वच्छ होता. आचारी मरताना खरोखरच बोलतो. बोलतो म्हणजे किती, तर तेवढ्यात त्याला जवळच्या दवाखान्यात नेऊन आणता आलं असतं. मैत्री म्हणजे काय, स्वप्न म्हणजे काय, सगळं सांगून मग मान टाकतो, आणि सगळे ओळीने ओरडतात. भात नाही. थाळी नाही. दुसऱ्या दिवशी जहाज नुसतं रेतीतून चाललेलं दिसतं, तायडी डेकवर बसलेली, बराच वेळ, कोणी ओठ हलवत नाही. माणसं हलवायला खर्च येतो म्हणून ठेवलेलं ते चित्र. डायवरचं गाव? त्याच्या गावावर एक अख्खं पर्व आहे, आगीसकट, मेलेल्या आईसकट, आणि पावसासकट. समुद्र आटलेल्या जगात पाऊस! आणि ठेकेदाराच्या चपला... ठेकेदाराला चपलाच नाहीत. तो पहिल्यापासून अनवाणी काढलेला आहे. माझा आवडता तिसरा गुण हा चित्रकाराचा आळस होता.

आणि कोणी मरत नाही. एकही नाही. आचारी रेतीखालून परत येतो, का ते विचारू नका, त्यांनीही विचारलेलं नाही. म्हातारी परत येते. मरणावर एवढा मोठा धंदा करायचा आणि मरणाला मात्र काडीची किंमत द्यायची नाही, ह्याच्यापेक्षा हलकी गोष्ट मी पाहिलेली नाही. गुण म्हणावं असं खरोखर काही असेल तर ती रेती. रेती मात्र जीव लावून रंगवलेली आहे, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. आणि ते मुके, लांबलचक तुकडे, ज्यात काहीच घडत नाही. मिलिंदने नेमके तेच तुकडे धरले होते. मालिका जिथे गप्प बसायची, तिथे तो बोलायचा.

काउंटरवर बसल्या बसल्या मला एक गोष्ट आठवली. मावशीचे ते दोन कप. ते कधी थांबले, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. ज्या रविवारी मिलिंदने करपलेला भात आणि पालथी थाळी सांगितली, त्याच संध्याकाळी मी तिथे होतो. गाडीच्या वेळेला मावशी उठली, आत गेली, आणि तीन कप घेऊन आली. मला, मिलिंदला आणि तिला. चौथा नव्हता. मिलिंदने कप घेताना वर पाहिलं नाही. आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्या मूर्ख जपानी लोकांनी आचारी जिवंत करून पाठवला! काय करणार होता तो? मेलेला माणूस दारात उभा राहतो, असं तिला सांगणार होता? तिने पुन्हा कप मांडला असता. मग त्याने तिथल्या तिथे लहाना भाऊ काढला. ज्याला मी निर्लज्ज चाल म्हणत होतो, ती ह्या माणसाची होती. आणि तरी मी म्हणतो, चाल वाईटच होती. पण मूळ मालिकेपेक्षा शंभर पटीने इमानदार होती.

शेवटच्या भागात सगळे मेलेले एकदम परत येतात. शेवट बसत नव्हता तो हा.

मावशीला मी शेवट सांगायचं कबूल केलं, कारण दर रविवारी ती जेवणाचा डबा पाठवायची आणि डब्यासोबत निरोप असायचा, 'गजू कवा येते?' पण मनाशी मी पक्कं ठरवलं होतं की जे आहे तेच सांगायचं. मला थिगळं लावता येत नाहीत आणि खोटं तर अजिबात नाही. मालिका भिकार आहे, तिचा शेवट भिकार आहे, मेलेले परत येतात, खेळ खलास. तिने आयुष्यात ह्याहून वाईट ऐकलेलं आहे. मिलिंदने फार जपलं तिला, मी जपणार नाही, असं मी रस्त्याने स्वतःला सांगत गेलो.

घरात शिरलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली वडिलांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी नवीन, मिलिंदचा. हा चेहरा पिवळा नव्हता. मावशीने भाकर वाढली, ठेचा वाढला, मी जेवलो. मग तिने दिवाणावर पाय वर घेतले आणि मला टीव्हीच्या बाजूच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. लोडाकडे जायला निघालेला मी त्या खुर्चीत बसलो. पेनड्राइव्ह लावला. रिमोटवरच्या आवाज बंद करायच्या बटणाचं चित्र पार पुसून गेलेलं आहे, तरी अंगठा बरोबर तिथे गेला. खालची काळी पट्टी एका टोकाला सुटली होती, तिथे धूळ चिकटलेली. मी म्हटलं, "मावशी, पट्टी काढू का? खराब झाली." ती म्हणाली, "राहू दे. तिच्याबिगर मले दिसत नाई."

मी सांगायला लागलो. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सुटली. तायडी म्हणे, डायवर म्हणे. ठेकेदाराला मी नाकातून बोलायला लावला, मावशी जरा हसली. माझी वऱ्हाडी दुकानात बसून थोडी बिघडलेली आहे, तरी तिने चालवून घेतली. जहाज शेवटच्या टेकडीवर चढलं. पलीकडे समुद्र. रेती संपते आणि निळं सुरू होतं, खरं सांगतो, तेवढं चित्र चांगलं आहे. आणि मग त्या पाण्याच्या कडेने ती माणसं चालत येताना दिसली. सगळ्यात पुढे तायडीचा बाप, जो समुद्र शोधायला जाऊन पहिल्याच भागात मेला होता. मागे आणखी एक मेलेली म्हातारी. मागे आणखी दोघंतिघं, ज्यांना आम्ही ह्याच खोलीत बसून एकेक करून मारलं होतं. तायडी धावत सुटली, बापाच्या गळ्यात पडली. बराच वेळ कोणी ओठ हलवत नव्हतं... आणि मलाही बोलायला काही सुचेना.

"गजू," मावशीने विचारलं, "हा कोन होय?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाहत होती. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट.

"हा..." मी म्हटलं, "हा तिच्या बापाचा लहाना भाऊ होय, मावशी."

"अन् थे मांगचे?"

"थे बी. लहाने भाऊच होयेत, सगळ्यायचे. म्हातारीची बहीन हाय."

पडद्यावर ते सगळे तायडीभोवती गोळा झाले होते, कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं. ते कासवही होतं, खात.

"यायच्या मायायचं बरं हाय बाबा," ती म्हणाली. "एक गेला तं दुसरा राह्यते."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं, पुढं सांग."